पाचाच्या पुढचे आकडे

नीना साळवे नॉटिंगहॅममधल्या एका चर्चच्या शाळेत एक्झाम्स ऑफिसर आहेत. हे काम नक्की काय असतं हे नगरला त्यांच्या भावाला अजून नीट सांगता आलेलं नाही. कोणतं मूल कोणत्या विषयाला बसणार याची नोंद बोर्डाकडे करायची, परीक्षेच्या दिवशी हॉलमधली टेबलं मापाने मांडून घ्यायची, पेपरांची पाकिटं कुलपात ठेवायची आणि ऑगस्टमध्ये निकालाचे लिफाफे वाटायचे. शिकवणं त्यांच्याकडे नाही, मार्क देणं नाही, आणि कोणी काय शिकावं हे ठरवणं तर नाहीच.

पूर्वी शिकवणं होतं. नगरला मिशनच्या शाळेत त्यांनी सहा वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं. लग्न करून इकडे आल्या तेव्हा बी.एस्सी., बी.एड.ची सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणली होती. इथे शिकवायचं तर आणखी एक कोर्स करावा लागेल असं कळलं. त्या वर्षी मुलगी झाली, पुढच्या वर्षी नवऱ्याला, मिलिंदरावांना, ट्रामवर ड्रायव्हरची नोकरी लागली आणि त्यांच्या शिफ्टचा मेळ बसेना. कोर्स राहिला तो राहिलाच. नीनाताई आधी शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायला लागल्या, मग परीक्षेला सुपरव्हिजनला, आणि जुन्या ऑफिसर निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीत. शाळेच्या दर्शनी भिंतीवर फोटोंचे दोन बोर्ड आहेत, एक शिक्षकांचा आणि एक सपोर्ट स्टाफचा. नीनाताईंचा फोटो दुसऱ्या बोर्डावर, केअरटेकर आणि किचनमधल्या बायकांच्या शेजारी. याचं त्यांना वाईट वाटत असेल असं मला कधी जाणवलं नव्हतं. मी त्यांच्याच गल्लीत राहते, वीस वर्षं आमचं एकमेकींकडे जाणं-येणं आहे. पण वरदाचं सगळं झाल्यावर त्या एकदा म्हणाल्या, की तो बोर्ड त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदा नीट पाहिला.

वरदा देशकर नागपूरची. तिचे वडील परीक्षित एका सॉफ्टवेअर कंपनीच्या व्हिसावर इथे आले आणि मुलगी नववीतून उठून जानेवारीत, वर्षाच्या मध्यावर, या शाळेत इयर टेनमध्ये दाखल झाली. इथे प्रत्येक विषयाचे हुशारीप्रमाणे गट पाडलेले असतात, त्यांना सेट म्हणतात; पहिला सर्वांत वरचा. मूल कोणत्या सेटमध्ये जाणार हे बरंचसं प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या मार्कांवर ठरतं. वरदाची प्राथमिक शाळा नागपुरात झाली, म्हणून शाळेच्या तक्त्यात तिच्या नावापुढचा तो चौकोन रिकामा होता. गणिताच्या पाचव्या सेटमध्ये एक जागा मोकळी होती. तिथे तिला बसवलं.

पहिल्या चाचणीत तिला पन्नासपैकी एकोणपन्नास मिळाले. त्या सेटचे शिक्षक फेब्रुवारीत शाळा सोडून गेले, त्यांच्या जागी एक तात्पुरते आले, मग दुसरे. प्रत्येकाने तिला शाबासकी दिली. शांत मुलगी, कधी हात वर करत नाही, दिलेलं काम दहा मिनिटांत संपवून खिडकीतून बाहेर बघत बसते. अशा मुलीचा त्रास कोणालाच नव्हता, त्यामुळे तिच्याबद्दल विचार करायची वेळही कोणावर आली नाही.

पालकांशी भेट व्हायची ती कॉम्प्युटरवर. पाच मिनिटं मिळतात, आणि पाच मिनिटं झाली की समोरचा चेहरा आपोआप जातो. इयर इलेव्हनच्या, म्हणजे परीक्षेच्या वर्षाच्या, नोव्हेंबरमधल्या त्या पाच मिनिटांत शिक्षकाने परीक्षितना सांगितलं की वरदा फार छान करते आहे, ती फाउंडेशनला आहे आणि तिला नक्की पाच मिळेल. परीक्षितनी तीनदा आभार मानले. तिसऱ्यांदा मानेपर्यंत पडदा काळा झाला होता.

आता हे समजून घ्यायला हवं, की नागपुरात फाउंडेशन म्हणजे काय. तिथे क्लासेसमध्ये आठवी-नववीपासून आयआयटीसाठी ज्या निवडक पोरांना वेगळं बसवतात, त्या बॅचला फाउंडेशन म्हणतात. तिच्या प्रवेशालाच परीक्षा असते. वरदाला नागपुरात त्या बॅचमध्ये जागा मिळाली होती आणि इकडे येण्यासाठी ती सोडावी लागली, याची परीक्षितना फार चुटपुट होती. त्यांना वाटलं, चला, इथेही पोरीने फाउंडेशन मिळवलं.

हे त्यांनी नीनाताईंना सांगितलं ते गुढीपाडव्याला, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात. भाड्याचा कम्युनिटी हॉल, रविवारची दुपार, श्रीखंडाच्या वाट्या घेऊन माणसं उभ्या-उभ्या बोलत होती. नीनाताई वरदाच्याच शाळेत आहेत हे कळल्यावर परीक्षित कौतुकाने म्हणाले, की मुलगी मॅथ्सच्या फाउंडेशनला आहे, पुढे मॅथ्स आणि फिजिक्स घेऊन इंजिनीअरिंगला जायचं म्हणते.

नीनाताईंनी हातातली वाटी खाली ठेवली. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग शक्य तितक्या हळू सांगितलं. इथे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत गणिताच्या पेपरांचे दोन वेगळे प्रकार असतात, प्रत्येकात तीन पेपर. एक हायर, त्यात नऊपर्यंत ग्रेड मिळते. दुसरा फाउंडेशन, तो सोपा असतो, आणि त्यात कितीही मार्क मिळाले तरी ग्रेड पाचाच्या वर जात नाही. शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, मॅथ्स घ्यायचं तर निदान सहा लागतात.

परीक्षितनी विचारलं, "म्हणजे पैकीच्या पैकी मिळाले तरी?"

"तरी पाचच."

त्यांनी हॉलच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणींत बसलेल्या मुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी त्या सरांना थँक्यू म्हटलं हो, ताई."

त्या रात्री नीनाताईंना आणखी एक गोष्ट उमगली, आणि ती त्यांनी परीक्षितना सांगितली नाही. फेब्रुवारीत गणित विभागाकडून आलेली यादी बोर्डाच्या साइटवर त्यांनीच भरली होती. दोनशे आठ नावं. वरदा देशकर हे नाव दिसल्यावर, अरे, आपल्याकडची पोरगी, म्हणून त्यांना बरंही वाटलं होतं. पुढचं एफ हे अक्षर त्यांनी भरलं आणि पुढच्या नावाकडे गेल्या. सहा वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी, त्या मला म्हणाल्या, आणि मला एका अक्षराचा अर्थ दिसला नाही.

फाउंडेशनऐवजी हायर करून घ्यायला अजून वेळ होता. बोर्ड बदल स्वीकारतं. पण शाळेने आपली शेवटची तारीख ठरवली होती, ईस्टरची सुट्टी लागायच्या आधीचा शुक्रवार. म्हणजे पाच दिवस.

सोमवारी शाळा सुटल्यावर वरदा नीनाताईंच्या घरी आली. त्यांनी मागच्या वर्षीचे हायरचे तीन पेपर छापून ठेवले होते. दोन सोमवारी, एक मंगळवारी, घड्याळ लावून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मिलिंदराव ड्यूटीवरून आले, त्यांना हळू बोलायला सांगितलं. वरदाने जे येत होतं ते सोडवलं, जे कधी वर्गात शिकवलंच नव्हतं त्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं, नॉट डन इन क्लास. नीनाताईंनी लाल पेन काढलं. बावीस-तेवीस वर्षांनी त्या पेपर तपासत होत्या. दोनशे चाळीसपैकी एकशे छत्तीस. मागच्या वर्षीच्या हिशेबाने सहा ग्रेड मिळत होती, आणि तीही एक तृतीयांश अभ्यासक्रम डोळ्यांनी न पाहता.

बुधवारी त्या ते पेपर घेऊन गणिताचे विभागप्रमुख मिस्टर हॉलंड यांच्याकडे गेल्या. हॉलंड वाईट माणूस नाही हे नीनाताई आजही आवर्जून सांगतात. त्यांनी बसायला सांगितलं, पेपर उलटसुलट करून पाहिले, मग विचारलं की हे तपासले कोणी.

नीनाताई म्हणाल्या, "मी तपासले."

त्यांनी पेपर टेबलावर ठेवले. मग म्हणाले की एवढी तसदी घेतलीत हे खरंच चांगलं केलंत, पण घरच्या टेबलावर, शिक्षकाच्या देखरेखीशिवाय दिलेल्या पेपरवर ते निर्णय घेऊ शकत नाहीत. नीनाताईंनी सांगितलं की त्या गणिताच्या शिक्षिका होत्या. ते म्हणाले, हो का, मला माहीत नव्हतं. आवाजात मोकळेपणा होता, आणि त्यातून काहीच निघत नव्हतं. मग त्यांनी आपली बाजू सांगितली. हायरमध्ये ठरावीक मार्कांच्या खाली गेलं की चारही मिळत नाहीत, सरळ यू येतो, म्हणजे काहीच नाही. गेल्या वर्षी दोन मुलांना पालकांच्या आग्रहाने हायरला बसवलं होतं. दोघांनाही यू आला. त्यातल्या एकाची आई याच खुर्चीत बसून रडली होती. इंग्लिश आणि मॅथ्समध्ये चार नसले तर पुढे कुठलाही कोर्स घ्या, मॅथ्स पुन्हा-पुन्हा द्यावं लागतं. हातातला पाच सोडून त्या मुलीला सहा आठवड्यांत हे करायला लावणं त्यांना योग्य वाटत नव्हतं. चाचणी त्यांनी स्वतः घेऊन पाहावी असं नीनाताईंनी सुचवलं. सुट्टीपूर्वी दोन दिवस उरलेत, ते म्हणाले, आणि तिची घेतली तर पाचव्या सेटमधल्या सगळ्यांची घ्यावी लागेल.

गुरुवारी परीक्षित स्वतः भेटायला गेले. हॉलंड आणि उपमुख्याध्यापिका, दोघांसमोर. नीनाताईंना त्या मीटिंगला बसता आलं नाही, सपोर्ट स्टाफचं तिथे काम नव्हतं. त्या काचेच्या दाराबाहेरून दोनदा गेल्या. परीक्षित कोट घालून आले होते, मांडीवर फाइल, फाइलमध्ये नागपूरच्या मार्कशीट. चौदा मिनिटांनी ते बाहेर आले.

काय म्हणाले, नीनाताईंनी विचारलं.

"शाळेचा निर्णय आहे म्हणाले. फार नीट बोलले." त्यांनी फाइल बंद केली. "मी आणखी भांडायला हवं होतं का, ताई? भांडतात का इथे? मला समजलंच नाही, कुठपर्यंत बोललं की ते उद्धट वाटतं."

नीनाताईंना याचं उत्तर माहीत होतं. इथले गोरे पालक किती बोलतात, कोणाला ईमेल करतात, शाळेच्या गव्हर्नरांपर्यंत, म्हणजे संचालक मंडळापर्यंत, कसे जातात, हे त्यांनी बारा वर्षं पाहिलं होतं. त्यांनी ते सांगितलंही. परीक्षितनी त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांना ईमेल केलं. त्याचं उत्तर शुक्रवारी सकाळी आलं: आपली चिंता समजते, दहा कामकाजी दिवसांत उत्तर देऊ.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता नीनाताई ऑफिसात एकट्या होत्या. ईस्टरच्या प्रार्थनेसाठी सगळी शाळा हॉलमध्ये जमली होती, तिथून गाण्याचा आवाज येत होता. बोर्डाची साइट उघडी होती. पासवर्ड त्यांचाच. वरदाचं नाव शोधलं, नावापुढची छोटी यादी उघडली, तिथे दोन अक्षरं होती. एच निवडायचं आणि सेव्ह दाबायचं, एवढंच काम. गणित विभागाकडे छापील यादी जाते ती सुट्टीनंतर, ती कोणी नीट वाचत नाही हे त्यांना ठाऊक होतं. कळलं तरी तोवर मे उजाडला असता.

त्यांनी एच निवडलं. पाहिलं. मग पुन्हा एफ निवडलं, आणि साइट बंद केली.

का, असं मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. नोकरी जाईल ही भीती होती, ती त्या नाकारत नाहीत. मिलिंदरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. समजा हॉलंड म्हणतात तसं झालं असतं, तिला यू आला असता, तर? वर्गात उभ्या असत्या तर त्यांनी छातीठोकपणे सांगितलं असतं की ही मुलगी पास होणार. पण इतकी वर्षं त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. न विचारता-विचारता आपला आपल्यावरचाच विश्वास कधी गेला, ते त्यांना कळलं नव्हतं.

मे-जूनमध्ये वरदाने फाउंडेशनचे तीन पेपर दिले. नीनाताईंनी त्या हॉलमध्ये तिचं टेबल मांडून घेतलं होतं, सातवी रांग. नव्वद मिनिटांचा पेपर ती पन्नास मिनिटांत संपवायची आणि हाताची घडी घालून बसायची. आधी उठायची परवानगी नसते.

मुख्याध्यापकांचं उत्तर आलं होतं, एका पानाचं. विभागाच्या व्यावसायिक निर्णयावर आमचा विश्वास आहे.

ऑगस्टमध्ये निकाल मुलांच्या आदल्या दिवशी शाळेला मिळतो. नीनाताईंनी तो पाहिला, आणि रात्रभर कोणाला सांगता येत नाही म्हणून उराशी धरून बसल्या. ग्रेडबरोबर शाळेला मूळ मार्कही दिसतात. सायन्सला सात-सात, इंग्लिशला पाच, जॉग्रफीला सहा. मॅथ्स, दोनशे चाळीसपैकी दोनशे एकतीस. ग्रेड पाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरदाने लिफाफा उघडला आणि तो घडी करून वडिलांना दिला. ती रडली नाही. परीक्षित सिक्स्थ फॉर्मच्या टेबलापाशी गेले, तिथल्या बाईंनी सहानुभूतीने ऐकलं आणि सांगितलं की मॅथ्सला सहा हा नियम सर्वांना सारखा आहे, एकीसाठी मोडला तर बाकीच्यांना काय सांगायचं. मॅथ्सशिवाय फिजिक्स त्या देत नाहीत. बिझनेसचा कोर्स आहे, अप्लाइड सायन्सचा आहे, दोन्हींत जागा आहेत. नीनाताईंनी मार्कांचा कागद छापून आणला आणि त्या बाईंपुढे ठेवला. बाईंनी तो वाचला आणि खरोखर वाईट वाटून म्हणाल्या, अरेरे, किती जवळ. नीनाताई म्हणतात की तो शब्द त्यांना अजून उलगडलेला नाही. कशाच्या जवळ?

वरदाने तो कागद नंतर मागून घेतला. वाचून म्हणाली, "मावशी, नऊच मार्क गेले ना माझे?"

नीनाताई हो म्हणाल्या.

सप्टेंबरमध्ये ती अप्लाइड सायन्सच्या वर्गात बसू लागली. नोव्हेंबरमध्ये गणित पुन्हा देता येतं, आणि या खेपेला हायरचा फॉर्म भरायला कोणाची हरकत नव्हती, कारण तिचा तो निकाल आता शाळेच्या कुठल्याच आकडेवारीत धरला जाणार नव्हता. दर शनिवारी सकाळी ती नीनाताईंकडे यायची. नीनाताईंनी तिला राहिलेला एक तृतीयांश भाग शिकवला, व्हेक्टर, सर्कल थिअरम्स, सगळं. नऊ शनिवार लागले. नऊ शनिवारांचं काम होतं ते, त्या म्हणाल्या, आणि ईस्टरच्या सुट्टीत तेवढे दिवस होते.

जानेवारीत निकाल आला. आठ.

परीक्षित पेढे घेऊन शाळेत गेले. सिक्स्थ फॉर्मच्या बाईंनी पेढा घेतला, अभिनंदन केलं. पण मॅथ्सचा वर्ग चार महिने पुढे गेला होता, मध्येच कोणाला घेत नाहीत. पुढच्या सप्टेंबरमध्ये पुन्हा इयर ट्वेल्व्हला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या पहिल्या वर्षाला, अर्ज करता येईल, जागा असली तर. जागा नव्हती. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका कॉलेजने तिला घेतलं. आता ती दोन बसेस बदलून जाते, वर्गातली मुलं तिच्याहून वर्षाने लहान आहेत. मॅथ्स आणि फिजिक्स घेतलं आहे. पूर्वीही ती कमी बोलायची, आता आणखी कमी बोलते, असं तिची आई म्हणते. नागपूरच्या त्या बॅचमधल्या मैत्रिणींच्या ग्रुपमधून ती बाहेर पडली.

त्या ऑगस्टनंतर नीनाताईंनी शाळेला एक मसुदा लिहून दिला. अर्ध्या पानाचा, साध्या इंग्लिशमध्ये: तुमच्या मुलाला फाउंडेशनला बसवलं आहे, याचा अर्थ असा, त्याला जास्तीत जास्त पाच मिळेल, हे मान्य नसेल तर अमुक तारखेपर्यंत कळवा. प्रत्येक पालकाची सही घ्यावी अशी त्यांची सूचना होती. उपमुख्याध्यापिकांना ती आवडली. मजकूर शाळेच्या वेबसाइटवर गेला, पॉलिसीज नावाच्या पानावर, एकतीस कागदपत्रांमधला एक म्हणून. सही मागायचं राहिलं. मिस्टर हॉलंड पुढच्या जुलैमध्ये दुसऱ्या शाळेत बढतीवर गेले. जाताना ते नीनाताईंच्या ऑफिसात निरोप घ्यायला आले होते आणि त्या मुलीचं काय झालं म्हणून विचारलं. नीनाताईंनी सांगितलं, आठ. ते म्हणाले, मी चुकलो. नीनाताईंना वाटलं होतं की हे ऐकून बरं वाटेल.

त्या शुक्रवारच्या तीन वाजताचं परीक्षितना त्यांनी अजून सांगितलेलं नाही. सांगून त्यांचं काय भलं होणार, असं त्या म्हणतात.

यंदाच्या दिवाळीत मंडळाच्या फराळाला आम्ही सगळे होतो. पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं होतं, मुलगा इयर नाइनमध्ये, याच शाळेत प्रवेश मिळालेला. परीक्षित त्यांना घेऊन नीनाताईंपाशी आले आणि मोठ्या आदराने म्हणाले, "शाळेचं काहीही असलं तरी यांना विचारा. परीक्षांचं सगळं यांच्या हातात असतं."

"माझ्या हातात काही नसतं हो," नीनाताई म्हणाल्या.

तो विनय समजून सगळे हसले. नीनाताईंनी त्या बाईला बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि विचारलं की मुलाला मॅथ्सला कोणत्या सेटमध्ये घातलंय.

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "सेट म्हणजे?"